तिळगुळाचा पाक : वाटीतील परीक्षेचे शास्त्र

संक्रांतीचा तिळगूळ हा विषय संशोधनपत्रिकेच्या पानांस कितपत शोभेल, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. सणाच्या पदार्थांविषयी लिहिताना आपण एक तर त्यांचे धार्मिक माहात्म्य सांगतो, नाही तर त्यांच्या पौष्टिकतेची स्तुती करतो. हे पदार्थ घडतात कसे, हा प्रश्न मात्र 'हाताच्या अंदाजा'चा, आणि म्हणून शास्त्राच्या कक्षेबाहेरचा, असे आपण गृहीत धरून चालतो. प्रस्तुत लेखात हेच गृहीत तपासून पाहावयाचे आहे. पाक झाला की नाही हे पाहण्यासाठी गृहिणी वाटीभर पाण्यात त्याचा एक थेंब सोडते. ही कृती अंदाज नसून मोजमाप आहे. किंबहुना गुळाच्या बाबतीत ते उष्णतामापकाहून अधिक विश्वसनीय मोजमाप आहे. हे मोजमाप नेमके कशाचे, ते कोठे चुकू शकते, आणि ते लिहून ठेवण्याची निकड आज का भासते, एवढाच या लेखाचा विषय होय.

विवेचनासाठी कवठे महांकाळचा परिसर समोर ठेवला आहे. तिळगुळाच्या दोन घटकांचा भौगोलिक संबंध येथे जितका स्पष्ट दिसतो, तितका अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

माळाचे तीळ, नदीकाठचा गूळ

१९४९ साली दक्षिण सातारा या नावाने अस्तित्वात आलेल्या आणि १९६० साली सांगली हे नाव मिळालेल्या या जिल्ह्याचे निसर्गतः दोन भाग पडतात. पश्चिमेस कृष्णा व वारणा यांच्या काठची काळी, सुपीक जमीन. तर पूर्वेस कवठे महांकाळ, जत, आटपाडी हा पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण प्रदेश. कवठे महांकाळ तालुक्यातून वाहणारी अग्रणी नदी दीर्घकाळ पावसाळ्यापुरतीच नदी होती. अशा मुलखात ऊस हे परक्या प्रदेशाचे पीक, आणि तीळ हे घरचे.

तीळ हे खरिपाचे, कमी पाण्यावर येणारे पीक. बाजरीच्या शेतात मिश्रपीक म्हणून चार ओळी टाकल्या, तरी घरापुरते तीळ निघत. त्याची बोंडे खालून वर पिकत जातात आणि पूर्ण वाळली की आपोआप उकलून दाणे सांडतात. म्हणून पाने पिवळी पडताच झाडे कापावी लागतात, पेंढ्या उभ्या करून वाळवाव्या लागतात, आणि मग त्या कापडावर उलट्या धरून झटकाव्या लागतात. हे काम दसरा-दिवाळीच्या सुमारास उरकते. तिळाचे भारतातील प्राचीनत्व सर्वश्रुत आहे. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ मिळाले आहेत, आणि आपला 'तेल' हा शब्दच मुळी 'तिल' या शब्दापासून आलेला आहे. दाण्याच्या वजनात सुमारे निम्मा भाग तेलाचा असतो आणि पाचव्या हिश्शाच्या आसपास प्रथिने असतात.

गूळ येतो तो नदीकाठावरून. गुऱ्हाळे पावसाळा सरल्यावर सुरू होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. चुलवाणावर ठेवलेल्या काहिलीत उसाचा रस आटतो. भेंडीच्या झाडाच्या चिकट द्रवाने त्यातील मळी वर आणून काढली जाते, आणि रसाची आम्लता मारण्यासाठी बेताने चुना घालतात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेली शाहूपुरी ही पेठ या गुळाच्या व्यापारावर वाढली. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. सांगलीची गुळाची बाजारपेठही जुनी आहे. अशा रीतीने कवठे महांकाळच्या घरात पौषात जो लाडू वळला जाई, त्यात तीळ माळाचे असत आणि गूळ पाटाच्या पाण्याचा असे.

हे चित्र आज पालटले आहे. म्हैसाळ उपसा जलसिंचन योजनेने कृष्णेचे पाणी या माळावर चढविले, द्राक्षबागा व बेदाणा यांनी तालुक्याचे अर्थकारण बदलले, ऊसही आला. उलट तिळाचे क्षेत्र महाराष्ट्रात सर्वत्रच आटत गेले, आणि गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश यांसारखी राज्ये तिळाच्या उत्पादनात पुढे आली. पूर्वी घरचे तीळ आणि बाजारचा गूळ असा व्यवहार होता. आता दोन्ही जिन्नस दुकानातून येतात. हा बदल आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा का, ते पुढे दिसून येईल.

गूळ म्हणजे नुसती साखर नव्हे

साखर ही जवळजवळ शुद्ध ऊसशर्करा होय. गुळाची गोष्ट निराळी आहे. चांगल्या गुळात ऊसशर्करेचे प्रमाण शेकडा ६५ ते ८५ असते. उरलेल्या भागात द्राक्षशर्करा व फलशर्करा, पाणी, क्षार, आणि अल्प प्रमाणात प्रथिने व रंगद्रव्ये असतात. द्राक्षशर्करा आणि फलशर्करा या दोन्ही ऊसशर्करेच्या विघटनाने निर्माण होतात. आम्लता आणि उष्णता यांच्या योगाने ऊसशर्करेच्या एका रेणूचे पाण्याच्या साहाय्याने दोन तुकडे होतात, आणि तयार झालेल्या मिश्रणास अपवृत्त शर्करा म्हणतात. ऊस शिळा असला, रस आंबूस झाला, चुन्याचे प्रमाण चुकले अथवा ढेप पावसाळ्यात दमट जागी राहिली, की अपवृत्त शर्करा वाढते. गूळ पाझरू लागतो, मऊ पडतो. याच्या उलट, गुळात साखर मिसळली गेली असेल तर ऊसशर्करेचे प्रमाण नेहमीपेक्षा वर जाते. तात्पर्य, 'गूळ' या एकाच नावाखाली बरीच भिन्न द्रव्ये घरात येतात, आणि त्यांतील भेद डोळ्यांना नेहमी दिसतोच असे नाही. पिवळाधमक रंग तर रसायनांनीही आणता येतो.

बाजारात 'चिक्कीचा गूळ' निराळा मागावा लागतो, तो याच कारणाने. त्याचा पाक ओढता येतो आणि निवल्यावर कडक होतो; साधा गूळ मऊ वडीस अथवा पोळीस बरा. हा भेद वाण्याला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही ठाऊक असतो.

एकाच जिनसांची तीन रूपे

तीळ आणि गोड द्रव्य ही दोनच मुख्य द्रव्ये घेऊन आपल्याकडे तीन अगदी भिन्न पदार्थ होतात. त्यांतील भेद चवीचा जितका आहे, त्याहून अधिक द्रव्याच्या अवस्थेचा आहे.

पहिला प्रकार कुटलेल्या तिळगुळाचा. भाजलेले तीळ व किसलेला गूळ उखळात एकत्र कुटले, की तिळाचे तेल सुटते आणि तेच गुळाच्या कणांस बांधून ठेवते. येथे पाकाचा प्रश्नच उद्भवत नाही. शेजारच्या कर्नाटकात तर बांधण्याचीही गरज ठेवलेली नाही. तेथील 'एळ्ळु-बेल्ल' म्हणजे तीळ, गुळाचे खडे, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे व डाळे यांचे कोरडे मिश्रण होय. ते देताना तीळगूळ खाऊन गोड बोलण्याविषयी जे म्हटले जाते, ते आपल्या 'तिळगूळ घ्या, गोड बोला' याचेच कानडी रूप आहे.

दुसरा प्रकार हलव्याचा. तीळ अथवा खसखस परातीत मंद निखाऱ्यावर ठेवून त्यांवर साखरेचा पातळ पाक चमच्याचमच्याने सोडतात आणि बोटांनी दाणे अखंड फिरवीत राहतात. थरावर थर बसतात आणि काही दिवसांनी दाण्यावर काटा येतो. नव्या सुनेच्या व तान्ह्या मुलांच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने याच हलव्याचे. येथे साखर स्फटिकरूपाने बसते. जपानातील कोंपेइतो ही काटेरी मिठाई पोर्तुगिजांच्या संपर्कातून सोळाव्या शतकात तेथे रुजली. तिच्या काट्यांचे कोडे तेरादा तोराहिको या भौतिकशास्त्रज्ञाला विचारयोग्य वाटले होते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

तिसरा प्रकार पाकातल्या लाडवाचा व वडीचा. यात गूळ द्रवही नसतो आणि स्फटिकही नसतो. तो काचेच्या अवस्थेत असतो. आपल्या विवेचनाचा मुख्य विषय हाच होय.

पाक 'येतो' म्हणजे काय होते

गुळात चमचाभर पाणी घालून तो मंद आचेवर ठेवला, की प्रथम त्यातील सर्व स्फटिक विरघळतात. एकही खडा शिल्लक राहू नये यास कारण आहे. उरलेला खडा पुढे बीजासारखा काम करतो आणि त्याच्याभोवती पाक साखर धरू लागतो. यानंतर उकळी चालू असता पाणी निघून जाते आणि उत्कलनबिंदू चढत जातो. शुद्ध साखरेच्या पाकात शेकडा १५ भाग पाणी उरते तेव्हा तो सुमारे ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला उकळतो, शेकडा ५ भाग उरते तेव्हा १३२ ते १४३ अंशांच्या दरम्यान, आणि जेमतेम एक-दोन भाग उरते तेव्हा १४६ अंशांच्या वर. गोळीबंद पाक, कडक पाक ही आपली घरगुती नावे याच क्रमातील टप्प्यांची आहेत.

हा दाट पाक झपाट्याने निवविला तर शर्करेच्या रेणूंस स्फटिकाच्या शिस्तबद्ध रचनेत बसावयास अवसर मिळत नाही. श्यानता इतकी वाढते की रेणू असतील तेथेच थिजतात. अशा अस्फटिकी घन पदार्थास काच म्हणतात. ज्या तापमानाखाली पदार्थ काचेसारखा कडक व ठिसूळ असतो आणि ज्याच्या वर तो चिवट, रबरासारखा होतो, त्यास काचसंक्रमण तापमान अशी संज्ञा आहे. कोरड्या ऊसशर्करेचे हे तापमान सुमारे ६५ अंश आहे, द्राक्षशर्करेचे सुमारे ३१, आणि फलशर्करेचे अवघे ५ अंशांच्या आसपास. पाण्याचे तर उणे १३५ अंशांच्या घरात. मिश्रणाचे संक्रमण-तापमान या सर्वांच्या प्रमाणावर ठरते. ढोबळमानाने असे म्हणता येईल, की ऊसशर्करेच्या काचेत शेकडा एक भाग पाणी वाढले तर हे तापमान आठ-दहा अंशांनी उतरते.

वडी टणक होणे अथवा चिवट राहणे याचा सारा खुलासा या आकड्यांत आहे. पाकात शेकडा दोन भाग पाणी राहिले तर संक्रमण-तापमान ४५ अंशांच्या आसपास येते. माघातल्या दुपारीही अशी वडी कटकन मोडेल. शेकडा पाच भाग राहिले तर ते २५ अंशांच्याही खाली येते, आणि तीच वडी सकाळी कडक व दुपारी चिवट लागेल.

वाटी आणि उष्णतामापक

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाक पुरेसा आटला हे कसे ओळखावे? मिठाईशास्त्राच्या पाश्चात्त्य ग्रंथांतील उत्तर उष्णतामापकाचे आहे : अमुक अंश झाले की उतरावे. घरातील उत्तर वाटीचे आहे. थेंब पाण्यात टाकावा. तो पसरला तर पाक कच्चा. बोटांनी मऊ गोळी वळली तर मऊ वडीपुरता झाला. घट्ट गोळी झाली तर लाडवास योग्य. आणि थेंब ताटलीत टाकल्यावर 'टण्' असा आवाज करून वाजला व दाबताच मोडला, तर चिक्कीचा पाक आला. गुऱ्हाळातील गुळव्याही काहील उतरविण्यापूर्वी हीच परीक्षा करतो. त्याचा टप्पा ११८ अंशांच्या सुमाराचा असतो. गृहिणीचा त्याच्या पुढचा.

उष्णतामापक सांगतो ते उत्कलनबिंदू. त्यावरून पाण्याचे प्रमाण, आणि पाण्याच्या प्रमाणावरून निवलेल्या पाकाची अवस्था, असे दोन वेळा अनुमान करावे लागते. शुद्ध साखरेपुरती ही अनुमाने बरोबर येतात, कारण ग्रंथांतील कोष्टके शुद्ध साखरेसाठीच रचलेली आहेत. गुळात मात्र दोन्ही ठिकाणी चूक होते. अपवृत्त शर्करेचे रेणू लहान असल्याने तितक्याच वजनात ते संख्येने अधिक भरतात आणि उत्कलनबिंदू अधिक चढवितात. क्षारही तेच करतात. परिणामी, एकाच तापमानास साखरेच्या पाकापेक्षा गुळाच्या पाकात पाणी अधिक उरलेले असते. ही झाली पहिली चूक. शिवाय अपवृत्त शर्करा स्वतःच संक्रमण-तापमान खाली ओढते. ही दुसरी. दोन्ही चुका एकाच दिशेच्या असल्याने त्या परस्परांस छेदत नाहीत; त्यांची बेरीज होते. उष्णतामापक 'झाले' म्हणतो, आणि वडी दाताला चिकटते. भरीस भर म्हणजे, पाण्याचा उत्कलनबिंदू समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीस सुमारे एक अंशाने उतरतो. दख्खनच्या पठारावर ६०० मीटरच्या आसपास उंचीच्या गावात कोष्टकातील प्रत्येक आकड्यात दोन अंशांचा फरक करावा लागतो, याची जाणीव किती जणांस असते?

वाटीच्या परीक्षेत यांपैकी कोणतेही अनुमान नाही. थेंब पाण्यात पडताच क्षणार्धात पाण्याच्या तापमानास येतो. तो ठिसूळ असेल तर त्याचे संक्रमण-तापमान वाटीतल्या पाण्याच्या वर आहे, मऊ असेल तर खाली आहे. गूळ कोणत्या उसाचा, अपवृत्त शर्करा किती, गावाची उंची किती, या कशाचीही माहिती न घेता जे जाणून घ्यावयाचे तेच ही परीक्षा थेट सांगते. वडी निवल्यावर काच होईल काय, हा प्रश्न आहे. आणि वाटीत वडीचाच एक कण निववून पाहिला जातो. बोटांना व कानाला मिळणारे हे उत्तर अंकांत नसले, तरी ते मोजमापच आहे.

याचा अर्थ परीक्षा निर्दोष आहे असा नव्हे. तिचा संदर्भबिंदू म्हणजे वाटीतील पाणी, आणि चूक होते ती तेथेच. पौषातल्या पहाटे माठातले अथवा अंगणातल्या रांजणातले पाणी चांगलेच गार असते. १५ अंशांच्या पाण्यात ठिसूळ झालेला थेंब ३० अंशांच्या दुपारी ठिसूळ राहीलच असे नाही. 'पाक तर आला होता, मग वडी का चिवटली?' या नेहमीच्या तक्रारीचे एक कारण येथे सापडते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. दोन वाट्या घ्याव्यात, एकीत माठाचे गार पाणी आणि दुसरीत किंचित कोमट. एकाच पाकाचे थेंब दर अर्ध्या मिनिटाने दोहोंत सोडावेत. गार पाण्यात पाक 'येतो' त्यानंतर काही वेळाने तो कोमट पाण्यात 'येतो', असे दिसून येईल. तेवढ्या अवधीत आणखी थोडे पाणी पाकातून निघून गेलेले असते. टिकाऊ वडी हवी असेल तर दुसऱ्या वाटीचा कौल मानावा. मात्र फार पुढेही जाता येत नाही. फलशर्करा लवकर करपते, आणि गुळातील प्रथिने व क्षार करपण्यास साहाय्य करतात. साखरेचा पाक जेथे अजून पांढरा असतो, तेथे गुळाचा पाक कडवट होऊ लागतो. योग्य क्षणाची मर्यादा अशी दोन्ही बाजूंनी आखूड आहे.

पाक थांबत नाही

कडक पाकाची श्यानता निवताना थोड्याथोडक्या अंशांत अनेक पटींनी वाढते. कढई उतरल्यापासून लाडू वळण्यास मिळणारा अवधी म्हणूनच काही मिनिटांचा असतो. या एका भौतिक वस्तुस्थितीतून कृतीचे पुष्कळसे नियम निघतात. तीळ पाकात घालतेवेळी गरम असावे लागतात. गार तीळ घातले तर पाक मिसळण्यापूर्वीच थिजतो. तीळ तडतडेपर्यंत भाजावे लागतात, कारण दाण्यात उरलेला ओलावा पुढे हळूहळू काचेत शिरून वडी मऊ करतो. वडी तूप लावलेल्या पोळपाटावर तत्काळ लाटावी लागते आणि कोमट असतानाच सुरीने कापावी लागते. निवल्यावर ती सुरीला न जुमानता हवी तशी तुटते. पाकात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर सुटणाऱ्या वायूचे बुडबुडे काचेत अडकतात आणि वडी खुसखुशीत होते. निवत्या पाकास नुसते ढवळीत राहिले, तर तो साखर धरतो.

दोन शेर तिळांचे लाडू एकट्या बाईने वळावयाचे म्हटले तर अर्धे वळेपर्यंत उरलेल्या मिश्रणाचा दगड होतो. सासू, सुना, जावा, शेजारणी हातास तूप लावून परातीभोवती बसतात, यात सणाचा आनंद आहेच. परंतु त्या बसण्याची निकड पाकाने निर्माण केलेली आहे. आचेपाशी मात्र एकच, बहुधा सर्वांत अनुभवी बाई असे, आणि 'पाक आला' हा तिचा शब्द अखेरचा असे. पुष्कळ घरांत ही जबाबदारी एखाद्या विधवा आत्याबाईंकडे अथवा आजीकडे असे. तिने बांधलेल्या लाडवांचे वाण संक्रांतीच्या हळदीकुंकवात इतर बायका लुटीत, आणि तिला त्या बैठकीत जागा नसे. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांवरील अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, हे या संदर्भात स्मरणीय आहे. जिचे ज्ञान सर्वांत नेमके, तिचेच नाव कोठे नोंदले जात नाही, ही गोष्ट अभ्यासकांनी विसरू नये.

पौषातच का?

तिळगूळ थंडीत खावा कारण तो उष्ण व स्निग्ध, हे उत्तर परिचित आहे. तेलाने समृद्ध अशा तिळापासून भरपूर ऊर्जा मिळते, यात शंका नाही. तिळाच्या प्रथिनांत मेथिओनिन बरेच आणि लायसिन कमी असते. डाळे व शेंगदाणे यांच्या जोडीने ही उणीव काही अंशी भरून निघते. भोगीच्या दिवशीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिश्र भाजी व खिचडी हा सारा त्याच ऋतूचा आहार होय. मात्र हे उत्तर अर्धेच आहे. तिळगूळ थंडीत खावा हे जितके खरे, तितकेच तो थंडीतच चांगला साधतो हेही खरे.

त्याची कारणे आतापर्यंतच्या विवेचनातून हाती येतात. पौषात तीळ नुकतेच घरात आलेले असतात आणि गूळ नव्या हंगामाचा असतो; पावसाळा न पाहिलेल्या त्या गुळात अपवृत्त शर्करा कमी असल्याने त्याची काच अधिक कडक होते. खोलीचे तापमान संक्रमण-तापमानाच्या खाली राहते. आणि पठारावरची हवा कोरडी असते. शर्करेची काच आर्द्रताशोषी आहे. दमट हवेत तिच्या पृष्ठभागावर पाणी शोषले जाते, तेथील संक्रमण-तापमान उतरते, आणि वडी प्रथम हाताला, मग एकमेकींना चिकटू लागते. कवठ्यास खुटखुटीत असलेली वडी मुंबईस नातलगांकडे पोहोचेपर्यंत डब्यात गोळा होऊन बसते, हा अनुभव अनेकांस असेल. त्यात करणारणीचा दोष नसतो. समुद्रकाठच्या हवेने शेकडा एक-दोन भाग पाणी परत केलेले असते, एवढेच.

नोंदीची आवश्यकता

वाटीची परीक्षा शतकानुशतके पुरेशी ठरली, याचे एक कारण असे की ती शिकविणारी व शिकणारी एकाच चुलीपाशी असत. थेंब किती वाजला म्हणजे पुरे, हे शब्दांत सांगावे लागत नसे. ऐकविता येत असे. सांगलीशी निगडित असलेल्या कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याच्या मापांनी घराबाहेर पडलेल्या एका पिढीचा स्वयंपाक मार्गी लागला. परंतु जिनसांचे माप लिहिता येते तसे अवस्थेचे माप सहज लिहिता येत नाही. 'गोळीबंद पाक करावा' हे वाक्य ज्याने गोळी पाहिली आहे, त्यालाच समजते.

आज तिळगूळ पुष्कळ प्रमाणात विकत आणला जातो, आणि तो करणाऱ्यांत स्त्रियांचे बचत गटही आहेत. त्यांच्यापुढील अडचण घरातल्या बाईच्या अडचणीहून मोठी आहे. गूळ दर खेपेस निराळा येतो, माल डब्यांत बांधून दूर पाठवावयाचा असतो, आणि एक घाणा बिघडला तर भांडवल बुडते. अशा ठिकाणी प्रशिक्षण देणाऱ्याने वाटी बाजूस सारून उष्णतामापकाचा एक आकडा फळ्यावर लिहून दिला, तर तो मदत करीत नसून एका विश्वसनीय साधनाऐवजी कमी विश्वसनीय साधन त्यांच्या हाती देत असतो. दोहोंची सांगड घालणे हाच योग्य मार्ग होय. गुळाची नवी ढेप फोडली की प्रथम लहान घाणा करावा. ज्या ठिकाणी माल जावयाचा तेथील दुपारच्या उष्म्याइतके कोमट पाणी वाटीत घ्यावे. त्यात थेंब ज्या क्षणी वाजेल, त्या क्षणीचे उष्णतामापकावरील अंश टिपून ठेवावेत. तो आकडा त्या ढेपेपुरता खरा. नवी ढेप आली की वाटीकडे पुन्हा वळावे. आकडा वाटीने ठरवावयाचा आहे. आकड्याने वाटीस खोटे पाडावयाचे नाही.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या घरी अद्याप अशी एक तरी आजी अथवा मावशी आहे, जिच्या कानाला पाकाचा आवाज कळतो. येत्या संक्रांतीस तिच्या शेजारी वही घेऊन बसावे : गूळ कोणता, पाणी कोठले व किती गार, थेंब कसा मोडला, वडी तिसऱ्या दिवशी कशी राहिली, एवढे टिपावे. प्रयोगशाळेत उपकरणाने काचसंक्रमण तापमान मोजता येते, आणि ते मोजावेही. मात्र त्या आकड्याशेजारी तिचे निरीक्षण लिहिलेले असेल, तरच तो आकडा चुलीपाशी उपयोगी पडेल.